नोकरी गेली तरी नाव जाऊ देऊ नका

तुमच्या घरात कुणाची नोकरी गेली असेल किंवा जाईल अशी धास्ती असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. तुमच्या हाताखाली चार माणसं असतील आणि त्यातलं एखादं कमी करायची वेळ आली असेल, तर तुमच्यासाठीही आहे.

पगार थांबला की काय होतं ते सगळ्यांना कळतं. घराचा हप्ता, शाळेची फी, आईची औषधं. त्याबद्दल लोक बोलतात, जमेल तशी मदतही करतात. पण त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडते आणि तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. कंपनी कपातीचं कारण जाहीर करते. ते पेपरात छापून येतं, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं आणि शेवटी तुमच्या माणसाला चिकटतं.

'मागणी घटली म्हणून माणसं कमी केली' असं कंपनी म्हणाली, तर शेजारी हळहळतात. 'कामात कमी पडणारी माणसं काढली' असं म्हणाली, तर तेच शेजारी विषय बदलतात. माणूस तोच, त्याचं कामही तेच. तरी पुढच्या मुलाखतीत त्याच्याकडे कसं बघितलं जाईल, मुलीचं ठरत आलेलं लग्न पुढे सरकेल की नाही, भाऊ उसने पैसे देताना कचरेल का, हे त्या एका वाक्यावर ठरतं.

धंद्यात माणसं कमी करावी लागतात. तो निर्णय दर वेळी चुकीचाच असतो असं मी म्हणणार नाही. पण निर्णय मालकाचा असेल, तर त्याचं कारणही मालकाने आपल्या नावावर घ्यावं. जाणाऱ्याच्या पाठीवर ते बांधून पाठवू नये. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि त्यासाठी तुम्ही काय करू शकता ते सांगतो.

आधी बातमी नीट वाचायला शिका.

२०२५ च्या जुलैमध्ये टीसीएसने जाहीर केलं की त्या आर्थिक वर्षात सुमारे दोन टक्के माणसं कमी करणार. म्हणजे बारा हजारांच्या वर. त्यातली बरीचशी मधल्या आणि वरच्या फळीतली. पुण्यामुंबईतल्या घरांना हा मोठा धक्का होता. टीसीएसमध्ये चिकटला म्हणजे मुलगा मार्गी लागला, असं आपल्याकडे वर्षानुवर्षं मानलं गेलं होतं. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हे होत नाही, असं कंपनीचे प्रमुख के. कृत्तिवासन यांनी सांगितलं. कौशल्यांचा मेळ बसत नाही आणि काहींना नव्या कामावर लावता येत नाही, असं कारण दिलं गेलं.

आता हे वाक्य तुमच्या दारात कसं येतं ते बघा. 'कौशल्य जुळत नाही' हे ऐकल्यावर मामा म्हणतो, "म्हणजे याने नवं काही शिकून घेतलं नाही." झालं. पण पंधरा वर्षं या माणसाला कोणत्या प्रोजेक्टवर बसवायचं हे कुणी ठरवलं? जुन्या प्रणालीची देखभाल करायला दुसरं कुणी तयार नव्हतं, तेव्हा हाच रात्रपाळी करून ती सांभाळत होता. ग्राहकाने ते काम बंद केलं आणि हा बेंचवर आला. मेळ बसत नसेलही. पण तो दोघांचा हिशेब आहे. जाहीर वाक्यात त्यातलं एकच नाव येतं.

कंपन्या प्रशिक्षण देतात, काही माणसं खरंच शिकायला टाळाटाळ करतात, हेही खरं. म्हणून मामाला उत्तर देण्याआधी घरातल्या माणसाला विचारा. तुला कुठलं प्रशिक्षण दिलं? किती वेळ दिला? नवं काम मागितलंस तेव्हा काय सांगितलं? उत्तरं मिळाली की तुम्हाला स्वतःलाच कळेल की कंपनीचं वाक्य त्याला किती लागू आहे.

एकाच कंपनीने दोन वेळा दोन तऱ्हांनी कारण दिल्याचं उदाहरण अमेरिकेत आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये फेसबुकवाल्या मेटाने ११ हजारांवर माणसं काढली. तेव्हा मार्क झकरबर्ग यांनी सांगितलं की करोनाकाळातली ऑनलाइन वाढ अशीच टिकेल असं आपण धरून चाललो, त्या हिशेबाने खर्च वाढवला आणि आपला अंदाज चुकला. जबाबदारी आपली आहे, असंही म्हटलं. नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच. पण गेलेल्या माणसाला पुढच्या दारात सांगता येत होतं की चूक अंदाजाची होती, आणि ती करणाऱ्याने कबूल केली आहे.

२०२५ च्या सुरुवातीला त्याच कंपनीने सुमारे पाच टक्के माणसं कमी केली. या वेळी आधीच जाहीर झालं होतं की कामगिरी कमी असलेल्यांना लवकर बाहेर काढणार. त्यानंतर काढलेल्यांपैकी काही जण पुढे येऊन म्हणाले की आमची मूल्यांकनं चांगली होती. काही जण तर बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेवर होते. त्यांच्यातल्या प्रत्येकाचं खरंखोटं आपण इथे बसून ठरवू शकत नाही. पण हजारो माणसांवर एकदम एक शिक्का मारला की ज्याला तो लागू नाही त्यालाही तो बसतो, आणि पुसायचं काम त्या एकट्याला करावं लागतं. मला यात सगळ्यात मोठा अन्याय दिसतो तो हा.

याच्याही पुढे गेलेला माणूस बेटर डॉट कॉमचा प्रमुख विशाल गर्ग. २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्याने झूमच्या एका कॉलवर, तीन मिनिटांच्या आत, सुमारे नऊशे माणसांना काढल्याचं सांगितलं. त्यात भारतातलेही लोक होते. ते झाल्यावर त्यातल्या अनेकांवर कामचोरीचा आरोप त्याने नाव न सांगता एका मंचावर केला, आणि तो त्यानेच केल्याचं नंतर उघड झालं. पुढे त्याने माफी मागितली ती ज्या पद्धतीने काढलं त्याबद्दल. कामचोर म्हटलेल्या माणसांच्या घरी तोवर ती बातमी पोचलेली होती.

नीट सांगता येतच नाही असं नाही. करोनात प्रवास बंद पडले आणि २०२० च्या मे महिन्यात एअरबीएनबीला सुमारे १,९०० माणसं, म्हणजे चौथा हिस्सा, कमी करावा लागला. प्रमुख ब्रायन चेस्की यांनी सगळ्यांना पत्र लिहिलं. पैसे कुठे आटले, कुठली कामं बंद करतो आहोत, कुणाला काय मिळेल, हे त्यात होतं. आणि जाणाऱ्यांना सरळ सांगितलं होतं की यात तुमचा दोष नाही. कंपनीने गेलेल्यांच्या नावांची जाहीर यादीही केली, ज्यांची तयारी होती त्यांचीच, आणि इतर कंपन्यांनी त्यांना घ्यावं म्हणून ती खुली ठेवली. असं पत्र हातात असलेल्या माणसाची मान खाली जात नाही.

आपल्याकडे या गोष्टीची किंमत मोजलेली माणसं लालबाग-परळमध्ये अजून भेटतील. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, आणि असंख्य कामगार पुन्हा आत गेलेच नाहीत. त्यानंतर जे कारण सगळीकडे सांगितलं गेलं ते एकच होतं. संपाने गिरण्या बुडवल्या.

संपाने नुकसान झालं हे कुणी नाकारत नाही. पण अनेक गिरण्यांतली यंत्रं त्याआधीच जुनी झाली होती. नव्यात पैसा घातला जात नव्हता. कापडाचं काम भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांकडे चाललं होतं. पुढे १९९१ च्या नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट मोकळी केली, आणि धुराड्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. ही सगळी कारणं एकीकडे आणि कामगाराचा हट्ट एकीकडे. लोकांच्या तोंडी राहिलं ते दुसरं. ज्याने पंचवीस वर्षं साच्यावर उभं राहून काढली, त्याला रखवालदाराच्या नोकरीसाठी गेल्यावरही संपाबद्दल बोलणी खावी लागली. त्याच्या मुलांनीही ते ऐकलं.

म्हणून कारणाच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून सावध राहा. नंतर दुरुस्त करणं फार कठीण जातं.

आता त्या दिवसाबद्दल. हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत हे साधारण असंच घडतं.

सकाळी एका मीटिंगचं बोलावणं येतं. विषय लिहिलेला नसतो. छोट्या खोलीत तुमचा मॅनेजर असतो किंवा नसतो, एचआरचं कुणीतरी असतंच. टेबलावर दोन कागद. एक राजीनाम्याचा, आधीच टाइप केलेला. तारीख आजची आणि कारणाच्या जागी 'वैयक्तिक'. दुसऱ्यावर रकमांचा तक्ता. समोरची व्यक्ती हळू आवाजात सांगते, "आज सही केलीत तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. नाही तर काढून टाकल्याचं पत्र द्यावं लागेल, पुढच्या कंपनीच्या चौकशीत ते दिसेल." पेन पुढे सरकवलेलं असतं.

इथे थांबा. बाहेर पेपरात कंपनी एक कारण सांगते आहे, आणि तुमच्या सहीने दुसरंच कारण कागदावर येतं आहे. तुमचं काहीही वैयक्तिक कारण नाही. सही केलीत की तुम्ही स्वतःच तसं म्हटल्यासारखं होतं. उद्या तुम्ही कुठे दाद मागायला गेलात, तर समोरून तोच कागद येईल.

त्या खोलीत भांडू नका. रडू आलं तर येऊ द्या, त्यात काही कमीपणा नाही. फक्त एवढं म्हणा, "मला वाचायला वेळ हवा. हे कागद मला ईमेलवर पाठवा." पुन्हा आग्रह झाला तर पुन्हा तेच म्हणा. हेच वाक्य पाठ करून ठेवा. घाबरलेल्या माणसाला त्या वेळी दुसरं काही सुचत नाही.

घरी आल्यावर त्याच दिवशी सगळं लिहून काढा. किती वाजता बोलावलं, खोलीत कोण होतं, कोण काय बोललं. मग एचआरला एक छोटा ईमेल करा. आज अशी बैठक झाली, मला राजीनामा द्यायला सांगण्यात आलं, माझी स्वतःहून सोडण्याची इच्छा नाही, माझी जागा का कमी केली ते लेखी कळवावं. चार ओळी पुरतात. राग त्यात घालू नका.

तुमची स्वतःची कागदपत्रं आधीपासून घरी ठेवा. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या पावत्या, दर वर्षीच्या मूल्यांकनाची पत्रं, कौतुकाचे ईमेल आले असतील तर त्यांची प्रत. 'कामगिरी कमी' असं उद्या कुणी म्हणालं, तर हेच तुमच्या बाजूने बोलतं. पण कंपनीच्या फाइली, ग्राहकांची माहिती, कोड, यातलं काहीही घरी आणू नका. तसं केलंत तर तुम्हाला काढायला खरंखुरं कारण तुम्हीच पुरवाल.

कधी कधी विचार करून राजीनामा देणंच बरं असतं. रक्कम चांगली असते, दुसरी नोकरी हाताशी असते. तसं ठरवलंत तर ठरवून करा. किती महिन्यांचा पगार, कधी जमा होणार, अनुभवपत्रात काय लिहिणार, पुढच्या कंपनीने फोन केला तर काय सांगणार, हे सगळं आधी लेखी घ्या, मग सही. तोंडी शब्दावर जाऊ नका. शब्द देणारी ती व्यक्तीही पुढच्या यादीत असू शकते.

कायदा तुमच्या बाजूने किती आहे, हेही माहीत असू द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. कामगाराने वर्षभर सलग काम केलं असेल आणि मालक त्याला कमी करत असेल, तर महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्या नोटिशीत कारण लिहावं लागतं. नोटीस नसेल तर महिन्याचा पगार. भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. नवं कौशल्य शिकण्यासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पंचेचाळीस दिवसांत खात्यावर यायची तरतूद आहे. राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं असतं. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी.

स्वतःहून राजीनामा दिला की यातली कपातीची भरपाई हातची जाते. टेबलावर तो कागद आधी का येतो, ते आता लक्षात आलं असेल.

व्यवस्थापकाच्या पदावर असलेल्यांना यातल्या नोटिशीच्या आणि कपातीच्या भरपाईच्या तरतुदी लागू होत नाहीत. पण हुद्द्यात मॅनेजर लिहिलं म्हणजे माणूस कायद्याने व्यवस्थापक ठरतोच असं नाही. तो रोज प्रत्यक्ष काय काम करतो ते बघितलं जातं. तेव्हा स्वतःच ठरवून गप्प बसू नका. जिल्ह्याच्या कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा, कामगार खटले चालवणाऱ्या वकिलाला एकदा कागद दाखवा. पुण्यात आयटीतल्या लोकांची नाइट्स नावाची संघटना अशा तक्रारी घेऊन सरकारकडे जाते, तिथेही विचारता येईल.

आणखी एक. उघड खोट्या कारणावरून कामगाराला काढणं ही अनुचित कामगार प्रथा आहे, असं महाराष्ट्राने १९७१ च्या कायद्यातच लिहून ठेवलं आहे. नव्या संहितेच्या यादीतही ते आहे. म्हणजे 'खरं कारण द्या' ही मागणी मी काही नवीन करत नाही. आपण ती करायची विसरलो आहोत.

घरातल्यांनी काय करायचं?

पहिल्या संध्याकाळी 'का काढलं' हे विचारू नका. 'तुलाच का काढलं' हे तर कधीच विचारू नका. आईच्या तोंडून ते काळजीने निघतं, पण ऐकणाऱ्याला वाटतं की घरानेही कंपनीचंच मानलं. जेवायला वाढा. हप्त्यांचं, फीचं बोलणं दोन दिवसांनी करा, पण कागद-पेन घेऊन नीट करा. कंपनीच्या मेडिक्लेमवर आईवडील असतील तर ते मात्र लगेच बघा. तो विमा बहुधा शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीकडे स्वतःची पॉलिसी करून घेता येईल का, हे तो दिवस यायच्या आत विचारा.

नातेवाइकांना काय सांगायचं ते घराने बसून एकदाच ठरवा. लपवू नका. रोज डबा घेऊन बाहेर पडायचं आणि दिवसभर बागेत बसायचं, असं करणारी माणसं आहेत. त्यातून फक्त एकटेपणा वाढतो. सरळ सांगा, "कंपनीने त्यांचा विभाग बंद केला, त्यात याची जागा गेली. नवीन शोधतोय. तुमच्या माहितीत काही असेल तर कळवा." खरं कारण घरानेच पहिल्यांदा सांगितलं, की मामाला स्वतःचं कारण शोधावं लागत नाही.

मुलांनाही सांगा. दहा वर्षांच्या मुलाला कळतं. बाबांचं काम बंद झालं, बाबांनी काही चुकीचं केलं नाही, थोडे दिवस खर्च जपून करू. शाळेत कुणी काही बोललं तर त्याच्याजवळ उत्तर हवं.

मुलाखतीतही हेच. 'आधीची नोकरी का सोडली?' हा प्रश्न येणारच. एक-दोन वाक्यांत खरं सांगा आणि थांबा. "कंपनीने मार्चमध्ये आमचा प्रोजेक्ट बंद केला. त्यावरचे बरेच जण कमी झाले, त्यात मीही होतो." मग तिथे तुम्ही काय केलं होतं ते बोला. जुन्या मालकाला नावं ठेवू नका, आणि वैयक्तिक कारण होतं असं खोटंही सांगू नका. चौकशीत दोन्ही बाजूंची उत्तरं जुळली नाहीत, तर नुकसान तुमचंच होतं. हातात आलेलं अनुभवपत्र नीट वाचा. हुद्दा, दोन्ही तारखा आणि सोडण्याबद्दलचा शब्द. चुकीचं असेल तर त्याच आठवड्यात बदलून मागा. पीएफच्या खात्यावर नोकरी संपल्याची तारीख बरोबर पडली आहे का तेही तपासा.

तुम्ही टेबलाच्या पलीकडे बसत असाल, म्हणजे यादी करणारे किंवा पत्र लिहिणारे असाल, तर तुमच्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत. यादी वरून आली, तुमच्या हातात काही नव्हतं, हे मला पटतं. पण शब्द बहुतेक वेळा तुमच्याच हातात असतात. ज्याला मागच्या वर्षी तुम्हीच चांगलं रेटिंग दिलं, त्याच्या पत्रात 'अपेक्षित कामगिरी नाही' असं लिहू नका. वरून तसं लिहायला सांगितलं तर एकदा तरी विचारा, "याच्या फाइलमध्ये तसं कुठे आहे?" ज्याचं काम खरंच कच्चं होतं, त्याला ते वेळेवर, एकट्याला, सुधारायला वाव ठेवून सांगायचं असतं. कपातीच्या गर्दीत त्याचा हिशेब उरकायचा नसतो. आणि पत्रकात एवढं तरी लिहाच, की या जागा कंपनीच्या निर्णयामुळे कमी झाल्या.

भोसरीत वीस माणसांचं वर्कशॉप चालवणाऱ्यालाही हेच लागू. ऑर्डर गेली म्हणून दोघांना कमी करतो आहात, तर तेच सांगा. "हे दोघे नीट काम करत नव्हते" असं शेजारच्या शेडवाल्याला सांगितलंत, तर त्यांना तिथेही काम मिळणार नाही. ती एमआयडीसी तुम्हाला वाटते त्यापेक्षा लहान आहे.

आता शेवटचं, आणि हे जवळपास प्रत्येक घराला लागू आहे. तुमच्याकडे कामाला मावशी येतात ना? म्हणजे तुम्हीही मालक आहात.

घरात पैशांची ओढाताण झाली, की पहिली कात्री मावशींच्या कामाला लागते. त्यात गैर काही नाही. पण 'आम्हाला परवडत नाही' हे सोसायटीत सांगायला जड जातं. मग लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर आपण म्हणतो, "काही नाही हो, खाडे फार करायची." किंवा "भांड्यांना साबण राहायचा." आपली लाज राखली जाते. मावशींचं काय होतं? त्याच इमारतीत त्यांची आणखी तीन कामं आहेत. दुसऱ्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या बाई त्यांच्याकडे निराळ्या नजरेने बघतात. गेटच्या ॲपवर त्यांच्या नावापुढे एक तारा कमी होतो. त्यांना ना एचआर आहे ना ईमेल, कुठे उत्तर द्यायचं तेही माहीत नाही. मोठी कंपनी पेपरातून जे करते तेच आपण लिफ्टमध्ये केलेलं असतं.

तेव्हा असं करा. मावशींना महिनाभर आधी सांगा, समोर बसवून. खरं कारण सांगा. "यांची नोकरी गेली आहे, सध्या आम्हाला जमत नाही," असं म्हणायला कमीपणा वाटू देऊ नका. त्यांच्याही घरात हे होऊन गेलेलं असतं, त्यांना लगेच कळतं. महिन्याचे पैसे पूर्ण द्या. बोनस राहिला असेल तर तोही द्या. शेजारणीला स्वतः फोन करून त्यांच्यासाठी दुसरं काम बघा.

आणि सोसायटीच्या ग्रुपवर एवढं लिहा: 'आमच्या घरची परिस्थिती बदलल्यामुळे १ तारखेपासून मावशींचं आमच्याकडचं काम थांबवतो आहोत. त्यांनी सात वर्षं आमच्याकडे चोख काम केलं. सकाळी आठ ते दहा ही त्यांची वेळ आता मोकळी आहे. कुणाला हवी असेल तर कळवा.'

वर्षं आणि वेळ तुमच्याकडची घाला. पाठवण्याआधी मावशींना ते वाचून दाखवा. त्यांना त्यात काही बदलायचं असेल.